कावळ्याने आणलेला मिठाचा खडा

मधुतीर्थ नगरावर सुदास राजाचे राज्य होते, त्या काळातली ही गोष्ट. बोधिसत्त्व तेव्हा कावळा होता. राजहंस नव्हे, मोर नव्हे. लोक ज्याला पाहून 'हाड्' म्हणतात, तो साधा काळा कावळा. नगराबाहेर नदीकाठी नारायणाचे देऊळ होते. देवळाच्या पाकशाळेमागे एक जुना पिंपळ होता, आणि त्या पिंपळावर ऐंशी कावळ्यांचा थवा सांभाळत तो राहत असे.

पण ही गोष्ट कावळ्याइतकीच सोमिलाची आहे. सोमिल त्या देवाचा आचारी. विसाव्या वर्षी तो पाकशाळेत आला आणि आता साठीला टेकला होता. चाळीस वर्षांत नैवेद्याला कधी उशीर झाला नव्हता, भात करपला नव्हता, वरण उतू गेले नव्हते. नैवेद्य उष्टा होऊ नये म्हणून देवाचा आचारी शिजवताना एक कणही जिभेवर ठेवत नाही. मग मीठ बरोबर पडले की नाही, हे कळायचे कसे? सोमिल हंड्यावर वाकून वाफ हुंगायचा आणि छातीठोकपणे सांगायचा. मिठाला वास नसतो हे तुम्हां-आम्हांला ठाऊक आहे. पण चाळीस वर्षे चुलीपुढे घालवलेल्या माणसाशी या बाबतीत वाद घालू नये. त्याचे मीठ कधी चुकले नव्हते.

सोमिलाच्या मनात एक गोष्ट होती, ती त्याने कोणाला सांगितली नव्हती. तरुणपणी त्याने पहिल्यांदा एकट्याने देवाचा भात चढवला, तेव्हा भाताला आधण आले, झाकण थरथरू लागले, आणि आपल्या पाठीमागे कोणीतरी येऊन बसले आहे असे त्याला वाटले. वळून पाहिले तर मागे नुसती भिंत. पण पाठीला कळत होते. भूक लागली की घरातले माणूस चुलीपाशी येऊन बसते आणि काही बोलत नाही, तसे कोणीतरी बसले होते. सोमिलाचे डोळे भरून आले. देव भुकेला आहे आणि माझी वाट पाहतो आहे, असे त्याच्या मनाने घेतले. त्या दिवसापासून रोज भाताला आधण आले की ते पाठीमागचे बसणे त्याला जाणवायचे.

मग केव्हातरी ते थांबले. केव्हा, ते त्याला सांगता येत नसे. मान वाढला, हाताखाली चार माणसे आली, मोठ्या घरचे लोक नमस्कार करू लागले, आणि एके दिवशी झाकण थरथरत असताना सोमिलाच्या लक्षात आले की पाठ थंड आहे. बरीच वर्षे थंडच असावी.  ज्याच्यासाठी जन्मभर शिजवले तो निघून गेला आणि आपल्याला पत्तासुद्धा लागला नाही, याचे त्याला फार वाईट वाटले.

त्याने विचार केला की आपल्या आणि देवाच्या मध्ये जीभ आली आहे. आचाऱ्याला चवीचा मोह असायचाच. तेव्हा ज्येष्ठी पौर्णिमेला त्याने हातात पाणी घेऊन देवापुढे संकल्प सोडला, की वर्षभर मीठ वर्ज्य. प्रसाद नाकारायचा नाही, म्हणून तो आपल्या वाट्याचा द्रोण घेई, डोळ्यांना लावी आणि देवळाच्या गाईपुढे ठेवी. स्वतःसाठी लहानशा मडक्यात अळणी भात शिजवी आणि पाकशाळेच्या मागच्या ओट्यावर, भिंतीकडे तोंड करून, एकटाच जेवी. गावात बोभाटा झाला. लोक त्याच्याकडे बोट दाखवून आपल्या पोरांना सांगू लागले, की हा पाहा तपस्वी. सोमिलाला ते मुळीच आवडत नसे, असे तो म्हणे.

आता गंमत पाहा. जो माणूस महिनोन्महिने अळणी खातो, त्याला चिमूटभर मीठही झोंबू लागते. हंड्यावर वाकला की सोमिलाला वाफ खारट वाटे. त्यातून मीठ ही त्याने सोडलेली वस्तू. रांजणात हात घालताना हात आखडू लागला. चार मुठींच्या तीन झाल्या, तिनाच्या दोन झाल्या. माघ आला तेव्हा एक मूठ उरली होती, आणि चैत्र सरला तेव्हा तीनशे माणसांच्या वरणात तो तीन बोटांची चिमूट टाकी आणि म्हणे, बस्स, झाले.

हे त्याला कोणी सांगितले नाही, कारण सांगणार कोण? शिजवताना चाखायचे नाही, ही एक रीत. नैवेद्याच्या ताटात मीठ वेगळे वाढायचे नाही, आणि देवापुढे जे ठेवले तेच पंगतीत वाढायचे, ही दुसरी. त्यामुळे घरोघरी पानाच्या टोकाला मीठ असते तसे इथल्या पत्रावळीवर नसायचे. आणि प्रसादाला नावे ठेवायची नाहीत, ही तिसरी. तिन्ही रीती चांगल्या. लोकांनी त्या मनापासून पाळल्या, आणि मधुतीर्थाचा देव पाच महिने अळणी जेवला. श्रीकंठ पुजारी पहिल्याच महिन्यात समजून चुकला होता. पण तोही प्रसाद डोळे मिटून गिळी आणि घरी गेल्यावर लोणच्याची फोड तोंडात टाकी. ज्यांच्या घरी लोणचे होते त्यांचे असे निभावत होते.

ज्यांच्या घरी काहीच नव्हते ती माणसे देवळामागे तळे खणत होती. पौषात राजाने तळ्याचे काम काढले, आणि मातीकाम करणारी दीडशे माणसे बायकापोरांसह तिथे पाले ठोकून राहिली. त्यांना दिवसातून एकदा देवळाचे जेवण मिळे, आणि बहुतेकांना तेवढेच. त्यांत उप्पली नावाची एक बाई होती. तिचा भाऊ कुदळ मारी आणि ती डोक्यावरून मातीच्या पाट्या वाही. वैशाखाचे ऊन तापले तसे सोमिलाने एक पाहिले. काम सुटले की ही माणसे सावलीत बसत आणि आपली मनगटे चाटत. उप्पलीही चाटे. सोमिलाला ते किळसवाणे वाटे. इतके देवाचे अन्न पोटात जाते तरी यांना रीतभात येत नाही, असे मनात म्हणून तो तोंड फिरवी.

वैशाखाचे वीस दिवस गेले आणि कावळ्याने देवळाचे अन्न सोडले.

त्या देवळात देवाचे झाले की पहिले अन्न कावळ्यासाठी निघे. मागच्या अंगणात एक सपाट दगड होता, त्यावर वरणभाताचा मोठा ढीग काकबळी म्हणून ठेवत, आणि कावळा शिवल्याशिवाय पंगतीत पान वाढत नसत. चाळीस वर्षांत याला कधी खोळंबा झाला नव्हता. सोमिल हात जोडून मागे सरायच्या आत पिंपळावरून कावळा उतरे. त्या दिवशीही उतरला. दगडावर बसला, मान वाकडी करून भाताकडे पाहिले, मग सोमिलाकडे पाहिले आणि उडून परत फांदीवर जाऊन बसला. बाकीचे कावळे त्याच्याकडे बघत जागच्या जागी राहिले.

"शिवेल, शिवेल," पुजारी म्हणाला. "ऊन आहे."

दोन घटका गेल्या तरी कोणी शिवेना. पंगतीत बसलेली माणसे मुकाट्याने रिकाम्या पत्रावळीकडे पाहत होती. शेवटी पुजाऱ्याने शास्त्रातली पळवाट काढली. त्याने दर्भाच्या काड्या वळून एक कावळा केला, तो भाताला टेकवला आणि जाहीर केले की शिवला. खरा कावळा फांदीवरून हे सगळे पाहत होता. दुसऱ्या दिवशी हेच. तिसऱ्या दिवशी दर्भाचा कावळा शिवून पंगत उठली, आणि दुपारी तळ्यावर उप्पलीचा भाऊ कुदळ हातातून सुटून पडला. त्याच्या पायांत गोळे आले होते, डोळे फिरले होते. त्याच्यामागे आणखी दोघे पडले.

आता मात्र लोक घाबरले. कावळा शिवत नाही आणि धडधाकट माणसे कोसळताहेत, म्हणजे देव कोपला. श्रीकंठ पुजारी अंगणात येऊन सगळ्यांसमोर म्हणाला, "पाकशाळेत काहीतरी पाप शिरलंय, सोमिला. आठवून बघ."

सोमिलाने रात्रभर आठवून पाहिले. त्याला पाप सापडले नाही, आणि तेच त्याला सर्वांत भयंकर वाटले. देव पाठीमागून उठून गेला होताच. आता तो घासही नाकारतो आहे. आपले व्रत पुरेसे कडक नाही, एवढे एकच उत्तर त्याला सुचले. चौथ्या दिवशी त्याने नैवेद्य शिजवला, काकबळी ठेवला आणि दगडाशेजारी उन्हात मांडी घालून बसला. "कावळा शिवेपर्यंत मला अन्न नाही आणि पाणीही नाही," तो म्हणाला. साठ वर्षांचा म्हातारा वैशाखाच्या उन्हात पाण्यावाचून किती टिकतो, हे सगळ्यांना कळत होते. त्यालाही कळत होते.

पुजारी हडबडला. तो माणूस वाईट नव्हता. त्याने घरी धाव घेतली आणि कावळ्याला भुलवायला तुपात थबथबलेल्या गुळाच्या पोळ्या, दूधभात, दह्याचा गोळा असे सगळे आणून दगडावर मांडले. वास सुटला तसे तरुण कावळे फांदीफांदीने खाली सरकू लागले. बोधिसत्त्व एकदाच ओरडला. सगळे जिथल्या तिथे थांबले. एक कावळी तेवढी कुरकुरली, की चार दिवस पिल्ले दूरच्या उकिरड्यावर जगताहेत, आता तुपाची पोळीसुद्धा सोडायची का? पण तीही जागची हलली नाही.

सोमिलाचे डोके गरगरत होते. त्याने वर पाहिले. कावळा खालच्याच फांदीवर येऊन बसला होता, अगदी हाताच्या अंतरावर. त्याची पिसे विस्कटली होती आणि छातीचे हाड वर आले होते. हाही चार दिवस उपाशी आहे, हे सोमिलाच्या तेव्हा ध्यानात आले. मग याला राग कसला? रागावलेला प्राणी स्वतःला उपाशी ठेवत नाही.

"काकराज," सोमिल म्हणाला, "माझं काय चुकलं ते सांगा. मी ऐकतो."

तेवढ्याचीच जणू वाट पाहत असल्यासारखा कावळा उडाला. नदीच्या घाटावर समुद्राकडून मिठाच्या गोण्या घेऊन आलेले बैल विसाव्याला थांबले होते. एका गोणीला भोक पडले होते. कावळा तिथून चोचीत काहीतरी घेऊन आला, दगडावर उतरला, आणि साध्या वरणभाताच्या ढिगावर त्याने ते टाकले. खडा टपकन पडला आणि भातात रुतला. कावळ्याने खड्याजवळचा एक घास उचलला आणि गिळला. तुपाच्या पोळीकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही.

"शिवला! शिवला!" अंगणात एकच गलका झाला. पुजाऱ्याने डोळे मिटून हात जोडले. कोणीतरी सोमिलापुढे पाण्याचा तांब्या धरला. पण सोमिलाचे लक्ष त्या खड्याकडे होते. त्याने तो उचलून उजेडात धरला. वर्षभर ज्याला त्याने नावानेही हाक मारली नव्हती, ते मीठ होते.

"हे कशाला?" त्याने विचारले.

त्या काळी पक्षी बोलत असत आणि माणसे ऐकत असत. यांतली पहिली गोष्ट आजही होत असेल; दुसरी फार दुर्मिळ झाली आहे.

"सोमिल, अन्न अळणी आहे," कावळा म्हणाला. "मार्गशीर्षापासून मीठ कमी होतंय. आता नावालाही उरलेलं नाही."

"असं कसं होईल? देव रोज जेवला. देव तर काही बोलला नाही."

"देवाचं मला ठाऊक नाही. मी कावळा आहे, पिंपळावरून पंगत दिसते तेवढं सांगतो. ही माणसं संध्याकाळी मनगटं का चाटतात, ते तू कधी विचारलंस?"

सोमिलाच्या हातातला खडा खाली पडला. अंगणाच्या कडेला उप्पली भावाचे डोके मांडीवर घेऊन बसली होती. सोमिल उठला, तिच्यापाशी गेला आणि समोर जमिनीवर बसला.

"मुली, खरं सांग. प्रसाद अळणी असतो?"

तिने मान खाली घातली. "प्रसाद गोडच असतो, आचारीबाबा."

"मला देवाची आण आहे, मी रागावणार नाही."

उप्पलीने पुजाऱ्याकडे पाहिले, मग भावाकडे पाहिले. "दिवसभर घाम जातो, बाबा," ती हळूच म्हणाली. "अंगातलं सगळं मीठ त्यात जातं. जेवून पोट भरतं, पण पाय उचलत नाहीत. मग घाम वाळला की मनगटावर पांढरं धरतं, तेच चाटतो. दुसरं कुठनं आणायचं? आणि प्रसादाला नावं कशी ठेवायची? देवाच्या अन्नात खोट काढली तर दोष लागेल ना."

 ज्याची त्याला किळस आली होती ते त्याच्या स्वतःच्या हाताचे काम होते. तो पुजाऱ्याकडे वळला. "तुम्हाला माहीत होतं, पुजारीबुवा?"

श्रीकंठ पुजारी पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला. "तुझं एवढं मोठं व्रत," तो म्हणाला. "मला वाटलं, देवाचीच तशी इच्छा असेल. मी आपला घरी लोणचं..."

पुजाऱ्याने घाईने पाण्यात मीठ कालवून तिन्ही आजाऱ्यांना पाजले. खरे तर ते त्याला आधीही सुचायला हरकत नव्हती. सोमिल पिंपळाखाली परत आला आणि लहान मुलासारखा रडू लागला.

"मी हे सगळं त्याच्याजवळ जायला केलं," तो कावळ्याला म्हणाला, आणि जी गोष्ट त्याने कोणाला सांगितली नव्हती ती सांगून टाकली. "पूर्वी तो माझ्या पाठीमागे येऊन बसायचा. आता येत नाही. मी जीभ मारली, चव मारली, तरी येत नाही."

 कावळा म्हणाला, "माझा आजा या पिंपळावर होता. तो सांगायचा, की तरुण सोमिल स्वतः ओगराळं घेऊन पंगतीत फिरायचा. प्रत्येक पानापाशी वाकून विचारायचा, काय कमी आहे? लोक सांगायचे, आणि हा दुसऱ्या दिवशी तसं करायचा. आता तू भिंतीकडे तोंड करून जेवतोस. तुझ्याजवळ यायचं झालं तर कोणत्या बाजूनं यायचं?"

एवढे बोलून कावळ्याने थव्याला हाक दिली, आणि ऐंशी कावळे त्या साध्या, अळणी वरणभातावर उतरले. चार दिवसांची भूक होती. त्यांनी दगड चाटूनपुसून साफ केला. कावळीने जाता जाता तुपाची पोळीही उचलली, कारण आता तिला मनाई नव्हती.

संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी सोमिल गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी जाऊन उभा राहिला. व्रताचे एकवीस दिवस उरले होते. श्रीकंठ पुजाऱ्याने त्याच्यासाठी तोडगा काढून ठेवला होता.

"व्रत कशाला मोडतोस? वर्ष पुरं होत आलंय. देवाचं झालं की मी प्रसाद चाखत जाईन आणि मिठाचं तुला सांगत जाईन. तीन आठवड्यांचा तर प्रश्न."

तोडगा सोयीचा होता. सोमिलाचे मनही क्षणभर तिकडे झुकले. वर्षभराचे तप, लोकांचा मान आणि देवापुढे दिलेला शब्द, तिन्ही राहणार होते. पण पाच महिने लोणचे खाऊन गप्प बसलेला माणूस उद्या खरे सांगेल कशावरून? आणि समजा सांगितले, तरी मीठ कमी पडल्यावर माणसाला काय होते, हे ज्या जिभेला माहीत नाही ती जीभ पुन्हा चुकणार. सोमिल घाबरला होता. व्रत मोडले की देव कायमचा जाईल, ही भीती त्याच्या मनातून गेली नव्हती. तरी त्याने हातात पाणी घेतले.

"नारायणा," तो म्हणाला, "एकवीस दिवस राहिले होते. ते राहू दे. तळ्यावरची माणसं उपाशी आहेत." मग स्वतःचे शब्द ऐकून थबकला आणि म्हणाला, "तुझी माणसं." त्याने पाणी सोडले, आणि देव गेला तरी चालेल असे नव्हे, पण गेला तर पंगतीला मीठ देऊन मगच आपण रडू, असे ठरवून तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने रांजणात हात घातला. चार मुठी टाकल्या. मनाची खात्री पटेना, म्हणून आणखी अर्धी टाकली. वाफ हुंगली, पण नाकाने काही सांगितले नाही. नाकावरचा त्याचा विश्वासही उडाला होता. नैवेद्य झाला. काकबळी ठेवला आणि सोमिल मागे सरायच्या आत कावळा उतरून शिवलासुद्धा. दर्भाची जुडी पुजाऱ्याच्या काखेत तशीच राहिली.

मग सोमिलाने कितीतरी वर्षांनी ओगराळे हातात घेतले. तळ्यावरच्या माणसांच्या पंगतीत तो पानापानावर वाढत गेला, आणि शेवटी एक पत्रावळ उचलून उप्पली आणि तिचा भाऊ यांच्या मधे स्वतः बसला. भाऊ भिंतीला टेकून बसला होता. चेहरा अजून फिका होता, पण पाय सरळ झाले होते. सोमिलाने घास केला. हात तोंडाशी नेताना वर्षभराचे तप त्याच्या डोळ्यांपुढून गेले. घास तोंडात पडला, आणि मिठाने त्याच्या जिभेला असा झटका दिला की डोळ्यांतून पाणी आले. त्याला वाटले, आपल्या जिभेला सवय नाही म्हणून असे लागत असेल. तो तसाच गिळत राहिला.  माणसे जेवत होती आणि मधूनमधून पाण्याकडे हात नेत होती.

तेवढ्यात उप्पलीने घास खाली ठेवला. बराच वेळ ती काहीतरी गिळू पाहत होती, आणि ते वरणभात नव्हते.

"बाबा," ती म्हणाली, "आज कणभर जास्त झालंय."

पंगतीत सगळ्यांचे हात थांबले. पलीकडे उभ्या असलेल्या पुजाऱ्याने तोंडावर हात ठेवला. मधुतीर्थात देवाच्या प्रसादाला त्याच्या तोंडावर नावे ठेवण्याचे धाडस आजवर कोणी केले नव्हते. उप्पलीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "माझं चुकलं," ती पुटपुटली.

सोमिल उत्तर देणार होता, पण त्याचे लक्ष पाठीकडे गेले. त्याची पाठ गरम झाली होती. भाताला आधण नव्हते, चूल दूर होती, मागे नुसती भिंत होती. आणि तरी कोणीतरी भुकेले, न बोलणारे, ओळखीचे माणूस त्याच्या पाठीला पाठ टेकून जेवायला बसले होते. या वेळी त्याने वळून पाहिले नाही.

"अर्धी मूठ," तो शेवटी म्हणाला, आणि हसता हसता रडू लागला. "मलाही वाटलंच होतं. उद्या अर्धी मूठ कमी."

मग उप्पली हसली, तिचा भाऊ हसला, आणि पंगतीच्या दुसऱ्या टोकाकडून एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, की आता विषय निघालाच आहे तर भातही जरा मऊ चालेल. त्या दिवसापासून मधुतीर्थाच्या देवळात एक चौथी रीत सुरू झाली. पंगत उठण्याआधी आचारी पानापानाशी जाऊन विचारी, काय कमी आहे? आणि तिथे खोटे बोलणे हा दोष मानला जाई. तळ्याला पाणी लागले तेव्हा उप्पलीचा भाऊ स्वतः खाली उतरून पहिली कळशी भरून आणू शकला. सोमिल आणखी अकरा वर्षे जगला, आणि त्याची पाठ पुन्हा कधी थंड पडली नाही.

पुढे बुद्ध झालेल्या शास्त्यांनी ही कथा एका विहारात, दुपारच्या जेवणाआधी सांगितली. पियंगू नावाचा एक भिक्षू तीन महिने मौन धरून झाडाखाली एकटाच जेवत होता. आजाऱ्यांची शुश्रूषा करण्याची पाळी त्याच्याकडे होती. ती तो विसरला होता, आणि त्याच्या मौनाचा मान राखायचा म्हणून कोणी त्याला आठवण करून दिली नव्हती. कथा संपल्यावर शास्ते म्हणाले:

"भिक्षूंनो, तेव्हाचा सोमिल म्हणजे आजचा पियंगू. तेव्हाची उप्पली म्हणजे आजाऱ्यांसाठी रोज पेज घेऊन येणारी आपली उपासिका कुंदिका. श्रीकंठ पुजारी मागच्या ओळीत बसला आहे. त्याने स्वतःला ओळखले आहे, म्हणून मी त्याचे नाव घेत नाही. आणि तो कावळा मीच होतो. तुपाची पोळी समोर असताना मी जे जपले ते सत्य. तेच या कथेतले शील आहे. आणि उप्पलीजवळ ते माझ्याहूनही अधिक होते, कारण मला पंख होते आणि तिला नव्हते."

पियंगू उठला. त्याने आपले भिक्षापात्र झाडाखालून उचलले आणि आजारी भिक्षू जिथे पडले होते त्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. तीन महिन्यांनंतरचे त्याचे पहिले शब्द सगळ्यांना ऐकू आले.

"काय कमी आहे?"